पावण्यांचा फोन गंगावेशीत का चालला नाही?

कोल्हापुरात गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर संध्याकाळी म्हशी येऊन उभ्या राहतात. गिऱ्हाईक समोर उभं असतानाच धार काढायची आणि फेसासकट ग्लास हातात द्यायचा, एवढाच तिथला व्यवहार. मागच्या थंडीत माझ्या मावसभावाच्या उद्यमनगरातल्या फौंड्रीत स्वीडनहून एक इंजिनिअर आले होते. दिवसभर भट्टीजवळ थांबून दमले होते, म्हणून संध्याकाळी मी त्यांना कट्ट्यावर घेऊन गेलो. दूध पिऊन झालं आणि मी खिशात हात घालायच्या आत पाहुण्यांनी फोन पुढं केला. "गुगल पे?"

"हाय की," दूधवाले दादा म्हणाले आणि खांबावरच्या स्टिकरकडं बोट केलं. "मारा स्कॅनर."

पाहुण्यांनी फोन स्टिकरला टेकवला. काहीच झालं नाही. मग त्यांनी कॅमेरा लावला. पडद्यावर इंग्रजी अक्षरांची एक लांबलचक ओळ उमटली, पैसे काही गेले नाहीत. दादा हसून म्हणाले, "राहू द्या वो, पावणं हायत." पाहुण्यांना शब्द कळले नाहीत, पण अर्थ कळला आणि ते ओशाळले. खिशात तीन कार्डं, हातात भारीतला फोन, आणि दोन ग्लास दुधाचे पैसे देता येईनात. पैसे मीच दिले. दादांनाही पाहुण्यांना अवघडल्यासारखं वाटलेलं बघवत नव्हतं.

त्या दिवसापासून हा विषय माझ्या डोक्यात बसला. पन्हाळा जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला. त्याच्या आदल्याच महिन्यात मिलानच्या फॅशन शोमध्ये आपल्या कोल्हापुरी चपलेसारखी चप्पल दिसली आणि जगभर गाजली. बाहेरचे लोक आपल्याकडं येणार आहेत आणि आपली माणसंही कामासाठी बाहेर जातात. तेव्हा हे कोडं एकदा नीट उलगडून सांगावं म्हणतो.

गंगावेशीत दोघंही खरं बोलत होते. पाहुण्यांकडं गुगल पे होतं आणि दादांकडंही होतं. नाव एकच असलं तरी आतली यंत्रणा अगदी वेगळी. युरोपात गुगल पे म्हणजे फोनमध्ये ठेवलेलं कार्ड. आपलं व्हिसा किंवा मास्टरकार्ड एकदा फोनमध्ये नोंदवायचं आणि दुकानातल्या कार्डाच्या मशीनला फोन टेकवायचा. फोन तिथं कार्डाचं सोंग घेतो, पैसे कार्डाच्याच वाटेनं जातात. भारतातलं गुगल पे २०१७ मध्ये 'तेझ' या नावानं आलं आणि पुढच्या वर्षी त्याचं नाव बदललं. ते यूपीआयवर उभं आहे. इथं पैसे एका बँक खात्यातून थेट दुसऱ्या बँक खात्यात जातात, मधे कार्ड लागत नाही. त्यामुळं पाहुण्यांचा फोन मशीन शोधत होता, आणि दादांकडं होता कागदाचा स्टिकर.

त्या स्टिकरवर पैसे नसतात, पाकीटही नसतं. असतो फक्त पत्ता. काळ्या-पांढऱ्या चौकोनांत एवढंच लिहिलेलं असतं की पैसे अमुक नावाच्या अमुक यूपीआय पत्त्यावर पाठवा. पाहुण्यांच्या पडद्यावर उमटलेली ती लांबलचक ओळ म्हणजे हाच पत्ता. अशा चौकोनांचा शोध १९९४ मध्ये जपानमधल्या डेन्सो कंपनीत लागला. मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवायला त्यांना ही खूण हवी होती. उद्यमनगरात सुटे भाग ओतणाऱ्या माणसांना हे सांगितलं की त्यांना विशेष आनंद होतो, असा माझा अनुभव आहे.

आता खरा प्रश्न. पत्ता तर कुणीही वाचू शकतो, मग पैसे का जात नाहीत? कारण पाठवणारा कोण आहे हे ओळखायची यूपीआयची पद्धत चार कड्यांच्या साखळीची आहे. पहिली कडी म्हणजे भारतातल्या बँकेतलं खातं. दुसरी, त्या खात्याला जोडलेला मोबाईल नंबर. तिसरी, त्याच नंबरचं सिम ज्यात घातलंय तो फोन. ॲप पहिल्यांदा सुरू करताना फोनमधून आपोआप एक एसएमएस जातो, आठवतंय? आपण तिकडं लक्ष देत नाही, पण सगळी ओळख त्या एका एसएमएसवर ठरते. हा नंबर खरोखर याच फोनमध्ये आहे, हे त्यातून सिद्ध होतं आणि मग त्या नंबरचं खातं कुठल्या बँकेत आहे ते शोधलं जातं. चौथी कडी म्हणजे आपला पिन. तो फक्त आपल्याला आणि आपल्या बँकेला माहीत.

आपल्याकडं या चारही कड्या अशा अंगवळणी पडल्यात की त्या आहेत हेच आपण विसरलोय. महाद्वार रोडवरच्या गजरेवाल्या मावशींकडंही त्या आहेत. स्वीडनच्या इंजिनिअरकडं मात्र पहिलीच कडी नाही, मग पुढच्या कुठून येणार? ॲप कितीही चांगलं असो, पैसे किती का असेनात, इथं उभं राहायला पायाच नाही.

मग दादांनी कार्डाचं मशीन का ठेवू नये? त्यांना ते परवडत नाही म्हणून. कार्डानं पैसे घेतले की त्यातले थोडे बँका आणि कार्ड कंपन्या कापून घेतात, शिवाय मशीनचं भाडं बहुतेक वेळा वेगळं. यूपीआय एप्रिल २०१६ मध्ये आलं, आणि जानेवारी २०२० पासून थेट बँक खात्यातून होणाऱ्या यूपीआय व्यवहारावर दुकानदाराकडून शुल्क घ्यायचं नाही असं सरकारनं ठरवलं. चाळीस रुपयांच्या ग्लासावर ज्यांचा धंदा चालतो, त्यांच्यासाठी हा फरक मोठा आहे. म्हणून आपल्याकडं कार्डाची पायरी बऱ्याच जणांनी चढलीच नाही. रोखीवरून सगळे थेट स्टिकरवर आले. पाहुण्यांच्या देशात ती पायरीच जिना होऊन बसली. तिथं चहासुद्धा कार्डानं मिळतो, म्हणून आपला माणूस स्टॉकहोमला गेला तर कार्डावर त्याचं निभतं. तिथलेही लोक आपसात फोनवरून पैसे पाठवतात, 'स्विश' नावाचं ॲप आहे, २०१२ पासून. पण त्याला स्वीडनमधल्या बँकेचं खातं आणि तिथली बँकेची डिजिटल ओळख लागते. म्हणजे गंगावेशीत त्यांची जी गत झाली, तीच स्विशच्या दारात आपली होते.

केनियात वेगळंच. तिथं २००७ पासून मोबाईलवरून पैसे पाठवायचं एम-पेसा आहे आणि ते बँकेवर नव्हे तर सिमवर चालतं. पासपोर्ट दाखवून सिम घेतलं की पाहुण्यालाही त्यात शिरता येतं. चीनची तऱ्हा आणखी वेगळी, तिकडं येतोच.

तर बाहेरून येणाऱ्यांना आपल्याकडं वाट आहे का? आहे, आणि ती फार कमी लोकांना माहीत आहे. रिझर्व्ह बँकेनं २०२३ मध्ये परदेशी प्रवाशांना यूपीआय वापरायची मुभा दिली. सुरुवात जी-२० देशांच्या प्रवाशांपासून झाली, नंतर इतर देशांतून येणाऱ्यांसाठीही दार उघडलं. या सोयीचं नाव 'यूपीआय वन वर्ल्ड'. कल्पना सोपी आहे. पाहुण्यांकडं बँक खात्याची कडी नाही ना, मग तिच्या जागी आधी पैसे भरलेलं एक पाकीट द्यायचं. पाकीट देणारी संस्था पासपोर्ट आणि व्हिसा समोरासमोर तपासते. पाहुणे आपल्या परदेशी कार्डानं किंवा परकीय चलन देऊन त्यात पैसे भरतात, ते रुपयांत बदलतात आणि मग आपल्यासारखाच स्कॅनर मारता येतो. परत जाताना उरलेले पैसे मूळ जागी परत मिळतात किंवा परकीय चलनात घेता येतात.

एक गोष्ट कोल्हापूरकरांनी आठवणीनं सांगावी. हे पाकीट समोरासमोर कागद तपासून मिळतं, आणि त्याचे काउंटर आहेत ते मोठ्या आंतरराष्ट्रीय विमानतळांवर. आपल्या उजळाईवाडीच्या विमानतळावर परदेशातून विमान उतरत नाही. पाहुणे मुंबई किंवा दिल्लीहून पुढं येतात. तेव्हा ते काम त्यांनी तिकडंच उरकावं, इथं पोचल्यावर धावपळ नको. आमच्या पाहुण्यांना हे निघण्यापूर्वीच कळवायला हवं होतं. गाडीची, खोलीची, जेवणाची सगळी व्यवस्था आम्ही केली आणि पैशाचं मात्र कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

आता या पाकिटाची एक मर्यादा, आणि आपल्या बाजारपेठेच्या दृष्टीनं मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. हे पाकीट फक्त दुकानदाराला पैसे देतं. एका माणसाला दुसऱ्या माणसाकडं पैसे पाठवू देत नाही. तुम्ही म्हणाल, मग काय बिघडलं, दूधवाले दुकानदारच की. पण यूपीआयला ते कसं कळणार? स्टिकर दोन प्रकारचे असतात. एक धंद्याचा: बँकेकडं किंवा ॲप कंपनीकडं दुकानाचं नाव नोंदवून घेतलेला. दुसरा खासगी: पोरानं आपल्या फोनमधला कोड छापून, लॅमिनेट करून खांबाला डकवलेला. आपण स्कॅन करतो तेव्हा दोन्हींत काही फरक जाणवत नाही, पैसे पोचतात. पाहुण्यांच्या पाकिटाला मात्र दुसऱ्या प्रकारचा स्टिकर म्हणजे खासगी माणूस दिसतो आणि ते नकार देतं.

रंकाळ्यावरच्या भेळेच्या गाड्या, चप्पल लाइनीतली लहान दुकानं, पन्हाळ्यावर झुणका-भाकरी विकणाऱ्या मावशी यांच्यापैकी कुणाचा स्टिकर कुठल्या जातीचा, हे त्यांचं त्यांनाही पुष्कळदा माहीत नसतं. ओळखायची साधी खूण सांगतो. स्कॅन केल्यावर दुकानाचं नाव आलं तर बहुधा तो धंद्याचा, आणि पोराचं किंवा भाच्याचं नाव आलं तर खासगी. पैसे आले की बोलणारा डबा शेजारी असेल तर स्टिकर जवळजवळ नक्की धंद्याचाच. खासगी असेल तर बदलून घ्या, ही माझी कळकळीची विनंती आहे. बँक खातं, ओळखीचा कागद आणि दुकानाची थोडी माहिती एवढ्यावर साधा धंद्याचा स्टिकर मिळतो. परदेशी गिऱ्हाईक वर्षाला चारच येतील, पण त्यांतलं एखादं दोन जोड चपला घेऊन जाणारं असतं. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, नाव जगभर गेलं, आणि पैसे घेण्यावरून गिऱ्हाईक परत जावं हे मला सहन होत नाही.

परदेशात राहणारी आपली मुलं यांत मोडत नाहीत, त्यांची वाट निराळी आहे. त्यांचं भारतातलं एनआरई किंवा एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांसाठीचं बँक खातं असतं, म्हणजे पहिली कडी आहे. अडचण असते ती परदेशी नंबरची. जानेवारी २०२३ मध्ये सिंगापूर, अमेरिका, इंग्लंड, अमिरात, सौदी अशा दहा देशांच्या नंबरांना परवानगी मिळाली, नंतर यादी वाढली. तुमचा मुलगा दुबईत असेल तर त्यानं आधी बँकेला विचारावं. आईच्या फोनवरून दिवाळीची खरेदी करायची गरज उरणार नाही.

ज्यांच्याकडं पाकीट नाही त्यांच्यासाठी जुनीच वाट: एटीएम. परदेशी कार्डावर पैसे निघतात. यंत्रानं किंवा मोठ्या दुकानातल्या मशीननं "तुमच्या देशाच्या चलनात हिशेब करू का?" असं विचारलं तर नाही म्हणायचं आणि रुपये निवडायचे, कारण त्या सोयीत बदलाचा दर महाग लावतात. एटीएममधून पाचशेच्या नोटा येतात, आणि सकाळी सकाळी मिसळीच्या दुकानात पाचशेची नोट काढली की काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. पाहुण्यांना पहिल्याच दिवशी हजारभर रुपयांचे सुट्टे करून द्या. त्यापेक्षा मोठा पाहुणचार नाही.

आता उलट दिशा. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव, इचलकरंजी इथली माणसं मशिनरी बघायला चीनला जातात. परत आलेल्यांकडून एकच तक्रार ऐकू येते: "नोट काढली की दुकानदार बावरतो." नोट नाकारणं तिथं नियमाला धरून नाही, तिथली मध्यवर्ती बँक हे वारंवार बजावते. पण गल्ल्यात सुट्टेच नसतील तर नियम काय करणार? कागदी नोट जगात पहिल्यांदा चीनमध्येच चालली, हजार वर्षांपूर्वी. आज तिथं भाजीवाल्यांपासून सगळ्यांकडं स्टिकर.

तिथं दोन ॲपचं राज्य आहे. अलीपे २००४ मध्ये ऑनलाइन खरेदीसाठी सुरू झालं. गिऱ्हाईकानं दिलेले पैसे मधल्या माणसासारखं राखून ठेवायचे आणि माल पोचला की विकणाऱ्याला द्यायचे, असं त्याचं काम होतं. वीचॅट मुळात गप्पांचं ॲप, २०१३ पासून त्यात पैसे द्यायची सोय आली. आपल्याकडं कुठल्याही बँकेचा माणूस कुठल्याही ॲपवरून कुणालाही पैसे पाठवतो, कारण खाली सगळ्यांचा यूपीआय हा एकच रस्ता आहे. चीनमध्ये मात्र दोन कंपन्यांनी आपापले रस्ते बांधले आणि सगळा देश त्यावरून चालायला लागला. आपलं यूपीआय तिथं चालत नाही.

बरीच वर्षं तिथं परदेशी माणसाचे हाल होते, कारण ॲपला चिनी बँकेचं खातं लागायचं. २०२३ मध्ये दोन्ही ॲपनी परदेशी व्हिसा, मास्टरकार्ड जोडायची सोय सुटसुटीत केली. म्हणजे बँक खात्याच्या तुटक्या कडीला तिथं कार्डाची जोड दिली गेली. २०२४ मध्ये मर्यादाही वाढल्या: एका वेळी १,००० डॉलरऐवजी ५,००० आणि वर्षाला १०,००० ऐवजी ५०,०००. २०० युआनपर्यंतच्या खर्चावर ॲप वेगळं शुल्क घेत नाही, त्यावरच्या व्यवहारावर ३ टक्के घेतं. मोठं बिल असेल तर हे लक्षात असू द्या. आणि हॉटेलचं बिल थेट कार्डानं भरता येत असेल तर तसंच भरा.

आपल्या माणसाची गाडी अडते ती तीन ठिकाणी, आणि तिन्ही इथं घरीच सोडवायची. पहिलं, वीचॅटवर भारतात जून २०२० पासून बंदी आहे. त्यामुळं भिस्त अलीपेवर ठेवायची. ते फोनमध्ये उतरवून, पासपोर्टची माहिती भरून, कार्ड जोडून मगच निघायचं. तिथं गुगलच्या सेवा बंद असतात, उतरल्यावर ॲप शोधत बसाल. दुसरं, रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानुसार नवं कार्ड फक्त देशातल्या वापरासाठी उघडं असतं. परदेशातला वापर आणि ऑनलाइन वापर आपण बँकेच्या ॲपमधून स्वतः चालू करायचा असतो. तो खटका बंद राहिला तर जोडलेलं कार्डही चालणार नाही, आणि माणूस समजतो की चिनी ॲपच बिघडलं. तिसरं, कार्ड जोडताना ओटीपी येतो तो आपल्या इथल्या नंबरवर. रोमिंग चालू नसेल तर तो मधेच अडकतो.

तिथं पैसे देण्याचीही एक वेगळी लकब आहे. आपल्याकडं नेहमी गिऱ्हाईक स्कॅन करतं. तिथं पुष्कळदा आपण फोनवर आपला कोड दाखवायचा आणि काउंटरवरची मुलगी तो वाचून घेते. हा कोड दर थोड्या वेळानं बदलतो. त्याचा फोटो काढून कुणालाही पाठवू नका, कारण तो पैसे घेण्याचा पत्ता नाही, पैसे काढून घेण्याची परवानगी आहे.

यूपीआय परदेशात कुठंच चालत नाही असं मात्र नाही. भूतान, नेपाळ, सिंगापूर, अमिरात, श्रीलंका, मॉरिशस इथं ठरावीक दुकानांत चालतं, आणि फेब्रुवारी २०२४ पासून आयफेल टॉवरच्या तिकिटालाही. ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय वापर आधी चालू करावा लागतो, पैसे खात्यातून रुपयांतच जातात. काठमांडूला निघालेल्या मंडळींनी हे जरूर करावं, पण सोबत रोखही ठेवावी, कारण प्रत्येक दुकानात ते असेलच असं नाही.

हे सगळं मी पाहुण्यांना नंतर ईमेलनं कळवलं होतं. यंदा ते पुन्हा आले ते दिल्लीत पाकीट करून घेऊनच. महाद्वार रोडवर त्यांनी चपलेचा जोड घेतला, फोननं पैसे दिले, दुकानातला डबा बोलला आणि ते इतके खूश झाले की त्यांनी आणखी एक जोड घेतला. संध्याकाळी आम्ही पुन्हा गंगावेशीत. दूध पिऊन झालं, त्यांनी स्टिकर स्कॅन केला आणि पाकिटानं नकार दिला. पडद्यावर दादांच्या थोरल्या मुलाचं नाव आलं होतं.

या वेळी पाहुणे ओशाळले नाहीत. त्यांनी वरच्या खिशातून वीसच्या सुट्ट्या नोटा काढल्या आणि चार ग्लासांचे पैसे मोजून दादांच्या हातावर ठेवले. दोन आजचे, दोन मागल्या वर्षीचे. दादा म्हणाले, मागचे कशाला, ते तर यांनी दिले होते. मग जादा पैसे माझ्याकडं सरकवून त्यांनी मला विचारलं, "त्यो धंद्याचा स्कॅनर मिळाय काय काय कागद लागत्यात, जरा लिहून द्या की."

मी ग्लास खाली ठेवला आणि लिहून दिलं.